मुर्ध्याचा चिखल

मेल्या माणसानं मेल्यासारखं राहावं, एवढं साधं आमच्या ह्यांना कळत नाही. जिवंत होते तेव्हा चिखलाच्या चपला घालून थेट स्वयंपाकघरात यायचे. आता वर्षश्राद्ध झालं, फोटोला हार चढला, तरी तीच खोड. मी पुसायचं आणि ह्यांनी मळवायचं, असा आमचा संसार.

हे म्हणजे धर्माजी, माझे यजमान. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. रिटायर झाल्यावर त्यांना एकच काम उरलं. रोज सकाळी यामाहा काढायची, पूल ओलांडून पश्चिमेला मुर्ध्याला जायचं, खाडीवर गिरिजा कोळणीकडून ताजं म्हावरं घ्यायचं आणि हँडलला पिशवी अडकवून परत पूर्वेला खारीत घरी यायचं. निघताना रोज विचारायचे, "बसतेस का मागं? खाडी दाखवतो."

"मी आणि खाडी बघू? मग ते म्हावरं साफ कोण करणार, तुमची आई?"

शेवटी त्या खाडीवरच गेले. गाडीवर बसल्या बसल्या. पाय दोन्ही बाजूंना टेकलेले, गाडी काही पडू दिली नाही. गिरिजाला बराच वेळ वाटलं, काका पाणी बघतायत.

दहाव्याला कावळा शिवेना. पिंड ठेवून सगळे ताटकळत उभे. काका-मामांनी नाही नाही ती वचनं दिली. शेवटी माझा जितेश पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमची गाडी विकणार नाही. मी जिथं राहीन तिथं ती राहील." त्याच वेळी मागं उभी राहून मीही पदराआड पुटपुटले, "बसेन हो तुमच्या मागं. एकदा बसेन. आता जेवा."

कावळा खाली आला.

सगळ्यांनी जितेशच्या पाठीवर थाप मारली, पोरानं बापाची इच्छा ओळखली म्हणून. नवऱ्याशी बोललेलं चारचौघांत सांगायची मला सवय नाही. पण कावळा त्याच्या शब्दाला उतरला की माझ्या, ते एक त्या कावळ्यालाच माहीत.

मग जितेशला न्यूझीलंडची नोकरी लागली. तो, सूनबाई मिनल आणि मी, तिघंही कायमचे निघालो. सामान जहाजानं जाणार होतं. प्रश्न उरला यामाहाचा.

मिनल म्हणाली, "अहो, तिकडे ती कोण चालवणार? सुटे भाग तरी मिळतील का?"

"पिंडाला शब्द दिलाय मी," जितेश म्हणाला.

सामान पाठवणारा एजंट येऊन गाडी बघून गेला. म्हणाला, "टंकी खाली, बॅटरी बाहर, और मिट्टी का एक दाना नहीं चलेगा. उधर चेकिंग में मिट्टी मिली तो गाडी अंदर नहीं लेते." म्हणे परक्या मातीतून रोग येतात, म्हणून तो देश एवढा जपतो. मला पटलं. मीही दारात असंच म्हणायचे, पण ऐकतंय कोण?

जितेशनं रविवारी गाडी धुतली. दाताच्या ब्रशनं टायरच्या खाचा साफ केल्या. सकाळी बघतो तर चाकं चिखलानं माखलेली. काळपट, ओला, खारट वासाचा चिखल. बाहेर ऊन रणरणतंय, खारीत तर सगळीकडे सिमेंट ओतलेलं. असला चिखल इथं औषधालाही मिळायचा नाही. तो खाडीचाच.

जितेश वॉचमनशी भांडला. मग गाडी परत धुतली, पेट्रोल काढून टाकलं, बॅटरी सोडवून वर गॅलरीत आणून ठेवली. पुढच्या चाकातून साखळी घालून खांबाला कुलूप लावलं.

सकाळी कुलूप तसंच. बॅटरी गॅलरीत. आणि चिखल पार रिमपर्यंत. जितेशनं वाकून सायलेन्सरला हात लावला आणि ओरडून मागं घेतला. तळव्याला फोड आला.

"उन्हानं तापला असेल," तो म्हणाला.

आमच्या पार्किंगमध्ये बिल्डिंग बांधल्यापासून ऊन आलेलं नाही.

संध्याकाळी तो माझ्या पायाशी येऊन बसला. "आई, उद्या गाडी न्यायला येतायत. चिखलाची नेली तर ते तिकडून हाकलणार. ठेवून गेलो तर बाबांना दिलेला शब्द मोडणार. काय करू मी?"

"आधी फोडाला हळद लाव," मी म्हटलं. "मग झोप."

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं. बाहेर माझ्या चपला होत्या. दोन्ही चिखलानं जड झालेल्या, अंगठ्याच्या खळग्यात पाणी साचलेलं. आदल्या दिवशी मी दुखऱ्या गुडघ्यापायी उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. मी माझ्या पायांकडे बघितलं. लुगड्याचा काठ पोटरीपर्यंत भिजून ताठ झाला होता, त्यावर मिठाची पांढरी रेघ. अंबाडा वाऱ्यानं विस्कटावा तसा सुटलेला. उजवा तळहात नाकाशी नेला. पॉलिशचा वास. ह्यांच्या शर्टाला यायचा तोच, जन्मभर धुवूनही न गेलेला.

मी दूध तापवलं, चपला धुतल्या आणि कुणाला न सांगता शेअर रिक्षानं स्टेशनला आले. पलीकडून राई गावाची बस धरून मुर्ध्याला उतरले. ह्यांच्या दहाव्याला आली होती ती गिरिजा टोपलं मांडून बसली होती. मला बघून हसली.

"काकी, परत आलीस? सकाळी हाक मारली तर बघलं बी न्हाय माझ्याकडं."

"सकाळी?"

"पोराच्या मागं बसलेलीस ना. त्याला सांग, गाडी नीट चालव. भरती चढत हाय आन त्यानं गाडी सरल पान्यात घातली! मी वरडले. तू मधीच उतरलीस म्हणून बरं. तू उतरलीस तवा त्यानं गाडी वलवली."

"तोंड बघितलंस त्याचं?"

"अंधुक व्हतं गो. पन बसन्याची ढब सेम काकाची." मग तिला काय वाटलं कोण जाणे, हातातला कोयता खाली ठेवला. "काकी, तो जितेशच व्हता ना?"

मी पाण्याकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा ती खाडी मी डोळे भरून बघितली. म्हणजे जागेपणी पहिल्यांदा. पाणी आता ओसरलं होतं, चिखलात एका चाकाचा माग आत गेला होता, बाहेर आला होता. मध्ये माझ्या चपलांचे ठसे होते. ते फक्त बाहेर येणारे.

"गिरिजा, तुझ्या अंगणात गाडी ठेवशील? कायमची?"

"काकाची ना? ठेवीन की," ती हळूच म्हणाली.

घरी आले तर जितेश आणि मिनल खाली पार्किंगमध्येच. दोघं भिंतीला पाठ लावून उभे, तोंडं पांढरी. साखळी खाली गळून पडली होती. गाडी स्टँडवर नव्हती. कुणी धरलेली नव्हती. तरी सरळ उभी होती, दोन्ही बाजूंना पाय टेकून कुणी बसावं तशी. चाकांतून पाणी ठिबकत होतं. आणि मागची सीट तेवढी कोरडी, पुसून लख्ख केलेली.

"आई, जवळ जाऊ नकोस!" जितेश म्हणाला.

मी गेले. पदर खोचला आणि हँडलच्या वर, जिथं ह्यांचं तोंड असायला हवं तिथं बघून बोलले:

"अहो, ऐका नीट. एकदा बसेन म्हणाले होते. बसले. फिटलं. पाण्यात येईन असं कबूल केलं नव्हतं, म्हणून उतरले, आणि झोपेतही मला तेवढी अक्कल आहे. पोरानं त्याचा शब्द पाळला. तो धुतोय, तुम्ही मळवताय, म्हणजे यायचं तुम्हालाच नाही. मग त्याला कशाला छळता? गाडी गिरिजाच्या अंगणात राहील, खाडीसमोर. हवं तेवढं फिरा. मी माझ्या लेकाबरोबर चालले. माझी वेळ आली की माझ्या पायांनी येईन, तेव्हा म्हावरं साफ करून ठेवा. तोवर मला न्यायला यायचं नाही. आणि आता गाडी स्टँडवर लावा, पोरं घाबरलीत."