आत्लोब नावाचं औषध

झेंडूच्या पाकळ्यांनी भरलेली पाटी ओमच्या हातात देऊन निकितानं त्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. आता तोंड इकडंच ठेवून मागं मागं चालत जायचं, पाकळ्या उधळत जायचं, आणि हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्यायचं, असं तिनं बजावलं. ओमनं हसून काही घेतलं नाही. नुसती मान हलवली.

माल काढून झालेली द्राक्षबाग होती. मांडवावरची पानं अजून हिरवी होती आणि त्यांच्यामधून सकाळचं ऊन तिरपं आत येत होतं. ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर तीन वेळा धुऊन त्यात साधं पाणी भरलं होतं, धुक्यासाठी. पिंपळगावच्या आसपास धुकं मिळवायचा याहून सोपा उपाय कुणाला सुचला नसता.

आपल्या लग्नाआधीच्या चित्रणाची ही सगळी हौस निकितानं एका गाण्याच्या व्हिडिओवरून उचलली होती. त्यात गायक गल्लीतून सरळ चालत येतो, त्याचे ओठ गाण्याबरोबर चोख हलतात, आणि बाकीचं जग मात्र उलटं चालतं. सांडलेलं दूध पातेल्यात परत जातं, फुलं जमिनीवरून उडून हातात येतात. सगळं एका दमात टिपलेलं, मध्ये कुठं तोड नाही, आणि सूर्य सतत गायकाच्या पाठीशी. युक्ती अशी, की गायक खरं तर मागं चालतो, शब्दही शेवटाकडून सुरुवातीकडं बोलतो, आणि मग चित्र उलटं फिरवतात. निकिता नाशिकला एका स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ जोडायची, त्यामुळं हे तिनं एका नजरेत ओळखलं होतं. मागच्या आठवड्यात तिनं तो व्हिडिओ ओमला पाठवला आणि युक्तीही समजावून लिहिली. त्यावर ओमचं उत्तर आलं होतं, ‘हं.’

त्या ‘हं’नंच तिची झोप उडवली होती. साखरपुड्यापासून हा माणूस फोनवर ‘हं’, ‘बरं’ आणि ‘जेवलीस का’ याच्या पुढं सरकला नव्हता. इतकी लग्नं तिच्या हाताखालून गेली होती, की कोणता नवरदेव स्वखुशीनं उभा आहे आणि कोणता वडिलांच्या शब्दाखातर, हे तिला पडद्यावर लगेच कळायचं. समोर बसलेल्या माणसाचं तेवढं कळत नसे. म्हणून तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की आजच्या चित्रणात ओमचा चेहरा नीट बघायचा. तो तसला दिसला, तर पत्रिका छापायला जायच्या आत आपणच नाही म्हणायचं. हे तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ओठांसाठी तिनं गाण्यातले दोनच शब्द निवडले होते, ‘येशील ना’. उलटे केले की ‘आन लीशेय’. ते तिनं सकाळी आल्या आल्या ओमकडून चार-पाच वेळा म्हणवून घेतले होते.

स्टुडिओतल्या ललितनं कॅमेरा सुरू केला. ब्लोअर घरघरला, तुषार उन्हात चमकले. ओम मागं निघाला, पाकळ्या उधळल्या आणि बोलू लागला. बोलतच राहिला. दोन शब्दांना लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ त्याचे ओठ हलत होते, आणि चेहरा गणिताच्या पेपरला बसल्यासारखा घट्ट झाला होता.

दुसऱ्यांदाही तेच. निकितानं पुन्हा शब्द सांगितले, ओमनं पुन्हा मान हलवली आणि पुन्हा भलतंच लांबण लावलं.

“राहू दे,” ती ललितला म्हणाली. “ह्यांना इथं उभंच राहायचं नाहीये.”

हे तिनं हळू म्हटलं खरं, पण ओमनं ऐकलं असावं. तो ट्रॅक्टरकडं गेला आणि मुळात स्वच्छ असलेला ब्लोअर परत धुवायला लागला. निकिताला रडू येत होतं आणि त्या रडण्याचा रागही येत होता.

जेवायला घरी गेल्यावर ओमच्या आईनं, गोजराबाईंनी, तिच्या ताटात आग्रहानं दुसरी भाकरी वाढली. पोरगी गप्प आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तिला हसवावं म्हणून असेल, त्यांनी लेकाचीच तक्रार मांडली.

“पोरी, तू तरी इचार त्याला. आठवडा झाला, बागंत एकटाच पुटपुटत फिरतोय. आत्लोब, आलम, आत्लोब, आलम. फोनला ऐकवतो, कानाला लावतो, परत सुरू. मला वाटलं, द्राक्षाच्या भुरी रोगावरचं नवीन औषध निघालं असंन. ह्यांना दुकानात धाडलं ना मी.”

“मग?” ललितनं विचारलं.

“दुकानदार म्हणला, आत्लोबचा माल संपलाय. गुरवारी येईन.”

ललितला ठसका लागला. निकिताचा घास मात्र हातातच राहिला. आठवडा झाला? शब्द तर आपण आज सकाळी दिले.

ती तशीच उठली. हात धुतला न धुतला, ओट्यावर बसून तिनं लॅपटॉप उघडला, कॅमेऱ्यातलं कार्ड घातलं आणि दुसरं चित्रण उलटं लावलं. आवाजही चालू ठेवला.

धुकं ब्लोअरकडं परत निघालं. पाकळ्या मातीवरून उठून पाटीत येऊ लागल्या. त्यांच्यामधून ओम तिच्या दिशेनं सरळ चालत आला आणि तोंडात घास असल्यासारख्या बोबड्या आवाजात म्हणाला,

“मला बोलता येत नाय. पण तू ये.”

आत्लोब म्हणजे ‘बोलता’. तिनं ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिनं चेहरा बघितला. इतक्या लग्नांत असा चेहरा तिच्या वाट्याला आला नव्हता, आणि तो आपल्यासाठी आहे या आनंदात तिनं लॅपटॉप तसाच उघडा टाकला.

बागेत ओम, जेवायलाही न येता, अजून ब्लोअरच धूत होता. ती जवळ जाऊन उभी राहिली. उत्तर त्याच्याच भाषेत द्यायला हवं होतं. तिनं ‘येते’ हा शब्द मनात शेवटाकडून लावून पाहिला, अक्षर न् अक्षर, आणि म्हणाली,

“एतेय.”

ओमनं पाण्याचा पाइप खाली ठेवला. सवयीनं त्याचे ओठ हलले, शब्द उलटा करायला लागले, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की याला उलटं करायची गरजच नाही.