चार लाल ठिपके

शिवानीनं पाटावरची झेंडूची फुलं बाजूला केली आणि तिचा हात तिथंच थांबला. विळी, अडकित्ता, वडिलांच्या अडत दुकानातली वजनं, स्कूटरची चावी आणि तिची गिटार, या सगळ्यांच्या मधोमध आनंदराज सरांचं, गिटारचा आवाज बदलणारं पेडल मांडलेलं होतं. घासूनपुसून लख्ख. त्याची चारही बटणं सरळ वर तोंड करून एका रेषेत उभी होती, आणि प्रत्येक बटणाच्या वरच्या बाजूला डबीवर कुंकवाचं एकेक ओलं बोट.

"आई, हे कुणी केलं?"

शांतम्मा विभूतीची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून आली. "कोण करणार? आज खंडेनवमी हाय. तुझं हत्यार न्हाई का ते?"

"बटणं कुणी फिरवली?"

"वाकडीतिकडी होती, नीट केली. टूथब्रशनं घासलं बघ, लई मळलं होतं. आन् कुणी तरी पूजा केलेलं जुनं कुंकू चार ठिकाणी वाळून बसलं होतं. निघंना. शेवटी चाकूनं खरडलं."

शिवानी खाली बसली.

"ते कुंकू नव्हतं आई. नेलपेंट होतं. बटण कुठवर फिरवायचं त्याची खूण. सर बौद्ध हायेत, त्यांच्या घरात कुठलं कुंकू?"

"मग माणूस लाल ठिपका देतंय कशाला?" शांतम्माला खरोखरच प्रश्न पडला होता. लेकीची वस्तू तिनं देवासारखी धुतली होती आणि लेक सुतकी तोंड करून बसली होती. "फिरव की परत. बटणंच हायेत."

परत फिरवायची, पण कुठं? तेच तर शिवानीला माहीत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी सरांनी हे पेडल तिच्या हातात दिलं, तेव्हा एकच गोष्ट बजावली होती. "बटणाला हात लावू नको. ठिपक्यावर हायेत, ठिपक्यावर राहू दे." एरवी सरांनी तिला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. त्यामुळे तिनं ती आज्ञा इतकी काटेकोर पाळली होती, की बटणांकडं नीट बघितलंसुद्धा नव्हतं. आवाज सुंदर येत होता, तिचं काम झालं होतं. आता मोबाईलमध्ये महोत्सवाचे सहा फोटो सापडले, आणि सहाही फोटोंत पेडलवर तिचाच बूट होता.

जपानी बनावटीची काळी डबी, वर नारिंगी अक्षरं. पहिलं बटण आवाजाचं, दुसरं खर्जाचं, तिसरं टिपेचं, चौथं खरखरीचं. परदेशात ही डबी कानठळ्या बसवणाऱ्या हेवी मेटलसाठी बनली होती, पण आनंदराज सरांनी ती वीस वर्षं भीमगीतांच्या पार्टीत वाजवली. चाकूरपासून नांदेडपर्यंत एप्रिलच्या मिरवणुकीत ट्रकवरून तो आवाज आला, की न बघता लोक म्हणायचे, आनंदराज आला. शिवानी सातवीत असताना क्लासवरून येताना सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली होती. सनईसारखा लांब जाणारा आणि मध्येच घसा भरून आल्यासारखा तो सूर तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. घरी उशिरा पोचली, बोलणी खाल्ली, आणि पुढच्या महिन्यात सरांकडं गिटार शिकायचा हट्ट धरला.

चार वर्षांपूर्वी सरांनी वाजवणं सोडलं. का सोडलं, ते कुणाला सांगितलं नाही. उद्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला चाकूरच्या मंचावर ते पहिल्यांदा पुन्हा बसणार होते. त्यासाठी आज चारच्या आत पेडल त्यांच्या हातात पोचायला हवं होतं. आणि घड्याळात दहा वाजून गेले होते.

तिनं पहिला फोन मृत्युंजयला लावला. मृत्युंजय एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा आणि रविवारी गिटार वाजवायचा. त्याच्याकडं अकरा पेडलं होती आणि प्रत्येकाविषयी ठाम मत होतं.

"चारही फुल," तो म्हणाला. "यात विचार काय करायचाय? जगात सगळे तसंच लावतात. करवत चालल्यासारखा आवाज आला पाहिजे. त्यासाठीच ते बनवलंय."

"सरांचा आवाज करवतीसारखा नव्हता पण."

"मग सर चुकीचं वापरत होते."

शिवानीनं चारही बटणं शेवटापर्यंत फिरवून एक तार छेडली. स्वयंपाकघरात शांतम्मानं घाईघाईनं मिक्सर बंद केला आणि तो जळाला का म्हणून वास घेऊन पाहिला. हा सरांचा आवाज नव्हता.

दुसरा फोन औशाच्या संगप्पांना. ते ऑर्केस्ट्रात सरांच्या शेजारी बसून बारा वर्षं वाजवत होते, म्हणजे त्यांना ठाऊक असणारच.

"खरखर नावालाच," संगप्पा म्हणाले. "आनंदराज खर्जावर खेळायचा गं. टीप पार खाली. पार म्हंजे पार."

तिनं तसं लावलं. सूर गोधडीत तोंड खुपसून रडल्यासारखा आला.

"काका, हे न्हाई वाटत."

"मग खरं सांगू का? ती डबी मला कधी आवडलीच न्हाई. मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज. लई गोड वाजवायचा माणूस, आन् मधी ती डबी. मी दहादा म्हणलो, टाकून दे. त्येनं ऐकलं न्हाई, आन् लोकांनीबी मला खोटं पाडलं."

तिसरा उपाय नांदेडच्या गिटारवाल्यांचा व्हाट्सअॅप ग्रुप. अर्ध्या तासात एकतीस निरोप आले. कुणी म्हणालं, तिसरं बटण मधोमध पाहिजे. कुणी म्हणालं, तिसऱ्याला हातच लावायचा नसतो. एकानं डबीचा मागचा शिक्का दाखव म्हणून तगादा लावला, दुसऱ्यानं असली डबी ज्याच्याकडं असते त्याला वाजवता येत नसतं असं जाहीर केलं. शेवटी पेडल राहिलं बाजूला आणि तारा कुठल्या कंपनीच्या घ्याव्यात यावरून जुंपली. शिवानीनं फोन पालथा ठेवला. तिला रडू येत होतं, आणि रडण्यात वेळ घालवणं परवडणारं नव्हतं.

तिनं सरांनाच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गेलं वर्षभर ते कुणाचाच फोन उचलत नव्हते. निवृत्त माणसाचा लहरीपणा म्हणून लोक सोडून देत. मिनिटभरानं त्यांचा निरोप आला, "ये. वाट बघतो."

चाकूरच्या एसटीत खिडकीशी बसून तिनं ओल्या रुमालानं कुंकू पुसायला घेतलं. बौद्ध माणसाची वस्तू कुंकू लावून परत द्यायची, याची तिला वेगळीच लाज वाटत होती. पण कुंकू पुसलं की पसरतं. शेवटी प्रत्येक बटणाच्या वर एक लालसर डाग राहिलाच. मग तिनं डबी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घट्ट धरली आणि एकच वाक्य मनात घोळवत राहिली. सर, माझी चूक झाली. सर, माझ्याकडून चूक झाली. पहिली तार छेडली की त्यांना कळणार, मग ते काहीच बोलणार नाहीत, आणि तेच तिला सहन होणार नव्हतं.

सर दारातच उभे होते. पांढरा सदरा, नुकतीच केलेली दाढी. उद्याची तयारी आजपासूनच चालली होती.

"आलीस? हात लावला न्हाईस ना?" ते हसत तिच्या तोंडाकडं बघत म्हणाले आणि डबी घेऊन आत वळले.

"सर, मला सांगायचंय," शिवानी जमिनीकडं बघत म्हणाली. "बटणं फिरलीत. माझ्या घरी..."

सर थांबले नाहीत. पाठमोरे तसेच चालत गेले, अॅम्प्लिफायरजवळ बसले आणि वायर सोडवू लागले. ऐकूनही न ऐकल्यासारखं करावं, इतका राग आला होता तर.

"पोरी, इकडं ये जरा," सरांच्या बायकोनं, धम्मप्रियाकाकूंनी, आतून हाक मारली.

स्वयंपाकघरात गॅसवर चहा उकळत होता. काकूंनी दार थोडं लोटलं.

"मागून बोललेलं त्यांना येत न्हाई ऐकू," त्या म्हणाल्या. "तोंड बघून बोलत जा."

शिवानीला पहिल्यांदा समजलंच नाही.

"चार वर्षं झाली. डावा पार गेलाय, उजव्यात थोडं हाय. कानाचं मशीन घेतलंय. त्येनं बोलणं कळतंय, पर गाण्याचा नुसता चुरा होतोय म्हणतेत. म्हणून वाजवायचं सोडलं. कुणाला सांगू देत न्हाईत." काकूंनी चहा गाळायला घेतला. "मीच म्हणलं, ठिपके देऊन ठेवा. तवा थोडं ऐकू येत होतं. चार दिवस बसून लावलं आन् माझ्या नेलपेंटनं खूण केली. बोटांना सगळं पाठ हाय त्यांच्या. डबीचं तेवढं डोळ्यानं बघून लावतेत. ठिपके हायेत म्हणून उद्या बसायला तयार झाले."

शिवानीनं कप हातात घेतला आणि तसाच ओट्यावर ठेवला. सकाळपासून ती घाबरली होती ते सर ऐकतील म्हणून. आता त्या भीतीची तिला कीव आली, आणि तिच्या जागी दुसरी, कितीतरी मोठी भीती येऊन बसली. आईनं चाकूच्या टोकानं खरडून काढलं होतं ते नुसतं नेलपेंट नव्हतं, सरांचे उरलेसुरले कान होते.

ती बाहेर आली तेव्हा सरांनी चष्मा लावला होता. डबी डोळ्यांजवळ धरून ते एकेक बटण फिरवत होते. कुंकवाच्या पहिल्या डागावर पहिलं बटण. दुसऱ्यावर दुसरं. सावकाश, नेमकं, जिभेचं टोक दातात धरून. चारही सरळ वर आली. मग त्यांनी डबी पायाशी ठेवली, गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि वाजवलं.

बोटं तीच होती. एक मींडही चुकली नाही. पण सूर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा निघत होता. शेजारच्या घरातून कुणीतरी खिडकी लावून घेतली. काकू दाराला धरून उभ्या होत्या आणि शिवानीकडं बघत होत्या. सरांनी शेवटचा स्वर लांबवला आणि समाधानानं मान हलवली.

"लागलं," ते म्हणाले.

हो म्हटलं असतं तर चहा पिऊन साडेचारची एसटी मिळाली असती. शिवानी पुढं झाली आणि त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. चेहरा वर केला.

"सर," ती सावकाश म्हणाली, "हे ठिपके तुमचे न्हाईत. आईनं तुमचे ठिपके कुंकू समजून काढले. पूजेसाठी. हे कुंकू हाय."

सर तिच्या ओठांकडं बघत राहिले. मग डबीकडं. मग दाराकडं, बायकोकडं.

"हिनं सांगितलं वाटतं तुला."

शिवानीनं मान हलवली.

त्यांनी बोटानं एक डाग चोळला. बोटाला लाली आली. ती त्यांनी बराच वेळ बघितली. रागाची तयारी शिवानीनं सकाळपासून केली होती. सर घाबरलेले तिनं कधी पाहिले नव्हते.

"मग आता?" त्यांनी विचारलं. शाळेत उत्तर न आलेल्या मुलानं विचारावं तसं.

"तुम्ही वाजवा. मी लावते."

त्यांनी पुन्हा तेच सुरू केलं. शिवानीनं डोळे मिटले. मृत्युंजय, संगप्पा, ते एकतीस निरोप, सगळं तिनं बाहेर ठेवलं. हातात सायकल होती, पाठीवर दप्तर, समोरून ट्रक येत होता. तिनं टीप खाली आणली, थोडी परत वर नेली. खर्ज वाढवला. चौथं बटण दोन बोटांनी केसाकेसानं पुढं नेलं. सर न थांबता वाजवत होते, तेच कडवं पाचव्यांदा, सातव्यांदा. कितव्या तरी खेपेला सुराचा घसा भरून आला आणि काकूंनी तोंडाला पदर लावला.

"काकू, नेलपेंट हाय का?"

बाटली काकूंच्या हातातच होती. "लाल संपलंय. जांभळं हाय."

"चालतंय."

तिनं चार ठिपके दिले आणि वर फुंकर मारली. सर वाकून त्यांच्याकडं बघत होते. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"हाच ना?"

चौथं बटण केसभर पुढं होतं की मागं, तिला शपथेवर सांगता आलं नसतं. आणि चुकलीस म्हणून सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"हाच," ती म्हणाली. त्यांना नीट दिसावं म्हणून पुन्हा एकदा, ओठ पुरते उघडून, "हाच, सर."

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"उद्या नवाला ये," ते म्हणाले. "आन् मंचासमोर उभी राहा. मला दिसशील अशी."