नऊ कोरे चौकोन

विश्रामबागेतल्या संशोधन केंद्रात शिवांजलीची नेमणूक मार्चअखेर संपत होती. पुढचं वर्ष मिळणार की नाही ते वीरधवल सरांच्या सहीवर होतं. आणि सर तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणत होते, "ते नऊ कोरे रकाने भरून टाका. शून्य घाला."

जुन्या वस्त्यांच्या शोधासाठी संगणकानं माण तालुक्यातल्या माळावरचे चाळीस चौकोन चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले होते. प्रत्येकात चालायचं, सापडतील ती जुनी खापरं मोजायची. पण नऊ चौकोनांत धनगरांचे तळ पडलेले. कुत्री अंगावर आली तशी सर्वेक्षणाची पोरं माघारी पळाली होती.

"सर, तिथं कुणी गेलंच नाही."

"माळावर काय असणार? शून्य घातलं की आलेख स्वच्छ येतो. वस्ती फक्त नदीकाठी दिसते."

शिवांजलीचं माहेर त्याच माळावरचं, मेंढरांमागं फिरणारं. आठ महिन्यांच्या मायाला सासूकडे ठेवून ती नोकरीला यायची, रोज सरांचा चेहरा वाचायची. आजही वाचला.

"कोरं ठेवलं तर सॉफ्टवेअरला कळतं, ही जागा पाहिलेली नाही," ती म्हणाली. "शून्य म्हणजे पाहिली आणि रिकामी निघाली. हे खोटं आहे, सर."

"मग अहवालात तुमचं नाव नसेल."

"नसू दे. माझ्या हातून ते शून्य पडणार नाही."

आणि त्यांच्यादेखतच तिनं कोऱ्या रकान्यांची फाइल केंद्राच्या समितीला धाडली. शेरा लिहिला : 'कुत्र्यांच्या भीतीने पाहणी झाली नाही.' सर पाय आपटत निघून गेले.

रविवारी ती मायाला कडेवर घेऊन माळावर पोचली. सोबत सासू, बनुबाई. कुत्री धावून आलीच.

"आवं पावणं, कुत्री आवरा!" बनुबाई ओरडली. "सून खापरं मोजाय आलीया!"

"खापरं? मेंढरं मोजा म्हणावं की!" तळावरून कुणीतरी हसलं, पण शीळ घातली. कुत्री बसली.

शिवांजलीनं नऊपैकी पहिल्या चौकोनाच्या कडांना दोऱ्या लावल्या. दोन तास मान खाली घालून चालली. एक तुकडा मिळाला नाही.

"कायच न्हाई व्हय गं?" बनुबाईचा चेहरा उतरला. "आता तुजा सायब हसंल."

"हसू दे, आत्याबाई. मी बघून लिहितेय." वहीत तिनं शून्य मांडलं. "अजून आठ हायत."

"मग चल की. पोरगी दे हिकडं."