चिखलाला कान लावणारी सळई

मित्रांनो, माझं वय विचारू नका. गंजावरून बोट फिरवा, अंदाज येईल. मी एक लोखंडी सळई आहे, पुरुषभर उंच आणि अंगठ्याएवढी जाड. माझ्या बहिणी अगुसान नदीवरच्या पुलात गेल्या. त्यांच्या अंगावर काँक्रीट आहे आणि काँक्रीटवरून ट्रक जातात. मान मोठा, पण आतून दिसत काही नाही. मी तेवढी उरले. बुतुआन शहरातल्या एका लोहाराने मला टोक काढलं, वर आडवी मूठ बसवली आणि तिबो नावाच्या माणसाच्या हाती दिलं.

"शिकारीला निघालास का?" लोहाराने विचारलं.

"हो," तिबो म्हणाला. "जमिनीखालच्या."

त्या वर्षी नदीच्या जुन्या, बुजलेल्या पात्राकडे कुणाला तरी चिखलात सोन्याचा डूल सापडला होता. एक डूल. दोन असते तर निदान कान तरी भरले असते. पण त्या एका डुलाने अख्खी वस्ती खणायला लावली. सोनं शोधणाऱ्या माणसाची एक खोड मी पाहिली आहे. काही सापडलं तर तो म्हणतो, काहीच सापडलं नाही. काहीच सापडलं नाही तर म्हणतो, सापडलंय, पण सांगता येत नाही. तिबो दोन वर्षं दुसरं वाक्य बोलत होता.

आमच्या दोन वर्षांचा हिशेब मला पाठ आहे. मी जमिनीत पाडलेली भोकं सहाशे चाळीस. त्यावरून तिबोने खणलेले खड्डे एक्केचाळीस. हाती आलं ते असं: फुटके चिनी वाडगे सात, अख्खी बशी एक, निळा मणी एक, आणि एका फार जुन्या माणसाचा दातांसकट जबडा, जो तिबोने हात जोडून परत पुरला. बशीत त्याची बायको निकासिया मीठ ठेवायची.

पण खरं सांगू? मला ते काम आवडायचं. तिबो मला हळूहळू दाबत खाली सोडायचा आणि मूठ कानाला लावायचा. शिंपला लागला की मी कुरकुरायचे. खापराला टण् म्हणायचे. लाकूड लागलं तर आवाज करायचे नाही, नुसती थांबायचे. आणि मधल्या चिखलात, जिथे काहीच नसतं, तिथे मला स्वप्नं पडायची. खाली जुनं पाणी होतं. समुद्रापलीकडून आलेले वाडगे गवतात गुंडाळलेले होते. राळेचा वास होता, मेणाचा होता. कुणीतरी एका नावेतून दुसऱ्या नावेत ओझं देत होतं आणि मला न कळणाऱ्या भाषेत हसत होतं. चीनच्या बादशहाकडे इथून नावा जात, असं म्हातारे सांगतात. मी कुणाला पाहिलं नाही. पण चिखल थंड असतो आणि थंड जागी गोष्टी टिकतात.

आता घरातल्या म्हाताऱ्याबद्दल सांगते. निकासियाचा बाप दिमास नावा बांधायचा. निकासिया तीन वर्षांची असताना पुराच्या दिवशी नावेतून पडली होती. तासाभराने ती काठच्या झाडांच्या मुळांना धरून बसलेली सापडली. दिमासने त्याच दिवशी आमच्या देवळातल्या सांता आना आईला नवस केला: मी जिवंत आहे तोवर दर जुलैत तुझी मूर्ती माझ्याच नावेतून नदीवर फिरेल. मिरवणुकीत तीन नावा शेजारी शेजारी बांधून त्यांवर मूर्तीचा मंडप उभारतात. मधली नाव दिमासची. एकतीस वर्षं त्याची.

आमच्या खणण्याला दोन वर्षं होत आली तेव्हा, सणाला चौदा दिवस राहिले असताना देवळाचे कारभारी सिमेओन नाव पाहायला आले. त्यांनी तळाजवळच्या फळीत नख खुपसलं. नख सहज आत गेलं.

"दिमास," ते म्हणाले, "ही फळी बदल. नाहीतर यंदा मधे दुसऱ्याची नाव घेतो. आईला बुडवायचा नवस तर नव्हता ना तुझा?"

दिमास हसला नाही. त्याची नजर मंद झाली होती, पण कान शाबूत होते. लागणारी फळी लांब हवी होती, आणि तेवढं झाड आता आसपास उरलं नव्हतं. लाकूड कंपन्यांनी डोंगर न्हाव्यासारखे साफ केले होते.

"पुढल्या वर्षी करू, तातय," निकासिया बापाला म्हणाली. "देवाला कळतं."

"देवाला कळतं गं, दाय," तो लेकीला म्हणाला. "मला कळत नाही ना."

त्यानंतर चौथ्या दिवशी मी एका जागी थांबले. वीतभर सरकून तिबोने पुन्हा दाबलं. पुन्हा थांबले. चार वेळा. चारही वेळा माझं टोक लाकडात थोडं घुसलं. तिबोला वाटलं, शवपेटी. जुन्या शवपेट्यांत सोनं असतं असं म्हणत. तो छातीपर्यंत खणत गेला. सोनं नव्हतं. काळ्या लाकडाची रांग होती, एकापुढे एक. मग त्याच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. त्याने एक लांब फळी सोडवली, खांद्यावर घेतली आणि घरी येऊन सासऱ्यापुढे टाकली.

"घ्या तातय. सोनं नाही, पण तुमचा नवस सापडला."

शेजारीण पास्तोरा कुंपणावरून पाहत होती. "दोन वर्षांनी घरात लाकूड आलं," ती म्हणाली. "आता चूल तरी पेटेल."

दिमासने फळीवर हात ठेवला. दोन्ही हात पसरून लांबी वावेने मोजली. बरोबर होती. त्याचा चेहरा असा उजळला की निकासिया आत जाऊन त्याच्यासाठी पानात उकडलेली सागूची वडी घेऊन आली. तो खात खात फळी चाचपत राहिला. मग त्याची बोटं थांबली. फळीच्या कडेला चार चार बोटांवर भोकं होती आणि भोकांत लाकडी खुंट्या. आतल्या बाजूला लाकडातच कोरून ठेवलेले उंचवटे होते, दोरी ओवायला. त्यांच्या मधे माझी चार ताजी भोकं.

"दोंग," तो जावयाला म्हणाला, "मला त्या खड्ड्याकडे ने."

तिबोने त्याला नेलं. म्हातारा चिखलात उतरला आणि गुडघ्यावर बसून हात फिरवत गेला, पुढे, पुढे, जणू अंधारात कुणाचा चेहरा ओळखतोय.

"ही पेटी नाही रे. ही नाव आहे."

"मग नावच तर हवी होती आपल्याला."

"ही दुसऱ्याची आहे."

"मालक मरून हजार वर्षं झाली असतील, तातय. कुणाला विचारायचं?"

"विचारता येत नाही म्हणूनच घ्यायची नाही," दिमास म्हणाला. "बांधलेल्या नावेतून फळी काढून आपली नाव तारायची नाही. माझ्या आज्याने मला हातोडा द्यायच्या आधी हे शिकवलं."

तिबो वर बसून पाय हलवत राहिला. त्याला राग आला होता, आणि का येऊ नये? दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने घरी उपयोगाची वस्तू आणली होती. तो म्हणाला, "आणि नवस?"

म्हाताऱ्याचा हात एका जागी अडकला होता. तिथे दोन आखूड फळ्या टोकाला टोक लावून जोडल्या होत्या, तिरप्या कापून, खुंट्या मारून. तिथून त्याची बोटं हलेनात.

दोघं घरी परतले तेव्हा अंगणातली फळी बोलत होती. उन्हात तिच्या अंगातून बारीक टिक्, टिक् आवाज येत होता आणि केसाएवढी चीर पडली होती. दिमासने कान लावला. "पाणी मागतेय," तो म्हणाला. तिबोने फळी ओल्या पोत्यात गुंडाळली, परत नेली, होती तशी ठेवली आणि वर चिखल ओढला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः जाऊन शहरातल्या संग्रहालयाच्या माणसांना कळवलं. आपली जागा अशी सांगून टाकणारा खणणारा मी आधी पाहिला नव्हता.

राहिले नऊ दिवस.

"लांब फळी नाही म्हणून अडलं होतं," दिमास जेवताना म्हणाला. "त्या लोकांनी आखूड जोडल्या. माझा आजा जोडायचा. हातात खिळे आले आणि मी विसरलो."

"आखूड तरी कुठून आणायच्या?" तिबोने विचारलं.

निकासियाने भात वाढता वाढता खाली पाहिलं. घराची सगळी जमीन बांबूची होती. चुलीपुढे तेवढ्या दोन लाकडी फळ्या होत्या, तिच्या लग्नात बापानेच घातलेल्या. तेल आणि काजळी पिऊन त्या काळ्याभोर झाल्या होत्या.

"नदीत पडले होते मी," ती म्हणाली. "मग उपकार फेडायला तुमचीच लाकडं का? माझ्या चुलीपुढच्या ह्या काढा."

"आणि तू स्वयंपाक कुठे उभी राहून करशील?" तिबो म्हणाला.

"तुझ्या खड्ड्यात. एक्केचाळीस आहेत, त्यातला एक दे मला."

म्हातारा त्या दिवशी हसला.

खुंट्यांसाठी भोकं पाडायला दिमासचा जुना गिरमिट बोथट होता. तेव्हा त्यांनी मला आणलं. माझं टोक निखाऱ्यात लाल केलं. आयुष्यभर मी आत शिरले ती काय आहे हे पाहायला. आता जोडायला शिरत होते. दिमास बोटांनी चार चार बोटं मोजायचा, तिबो दाबायचा, लाकूड धुरायचं. फळीला अजून माशाच्या कालवणाचा वास येत होता. छत्तीस भोकं. मग खुंट्या, काळ्या ताडाच्या काथ्याची दोरी, राळ. सणाच्या आदल्या दिवशी सिमेओननी नख खुपसलं. नख मोडलं. ते बोट चोखत म्हणाले, "चालेल."

सणाच्या दिवशी पहाटे तिबोने मला काठावर खोल रोवलं आणि नावेचा दोर माझ्या मुठीला बांधला. त्या मुठीतून मी सगळं ऐकलं. आधी नावेचा मंद हेलकावा. मग मंडपाचं वजन, मूर्तीचं वजन, बाजूच्या दोन नावांचा धक्का. ढोल. दिमास मधल्या नावेत बसला तेव्हा दोर जरा खाली गेला. मग कुणीतरी गाठ सोडली आणि माझ्या हातात काहीच उरलं नाही.

मी तासभर तशी उभी होते. नदी माझ्या पायाशी येऊन परत जात होती. शेकडो नावा फुलं लावून गेल्या. मला खालचं जुनं पाणी आठवत होतं, आणि ते पाणी आणि हे पाणी वेगळं आहे असं काही केल्या वाटेना.

मग ढोल पुन्हा जवळ आले. ओला दोर माझ्या मुठीवर पडला, दोन वेढे बसले, ताणला गेला. नाव जड होती. आली होती.

"तातय, पाणी किती शिरलं?" निकासियाने काठावरून विचारलं.

"एक वाटी," दिमास म्हणाला. "घामाचं धरून."

त्यानंतर दिमास पाच वर्षं मिरवणुकीला गेला, त्याच नावेतून. पुढे नाव तिबो चालवू लागला. ज्याला सोनं हवं होतं त्याला आता लोक नावाडी म्हणतात, आणि तो नाकारत नाही. जुनी नाव संग्रहालयाच्या माणसांनी काळजीने वर काढली. तिच्या एका फळीत चार बारीक भोकं आहेत. ती माझी आहेत, मी ती कुणावर ढकलणार नाही.

मित्रांनो, मी आता फार गंजले आहे. मधूनमधून भंगारवाला येतो, मला हलवून पाहतो. तुम्ही कधी इकडे आलात तर त्याला सांगा, ही सळई मोकळी नाही, हिला नाव बांधलेली आहे. आणि नाव बांधताना दोर जरा सावकाश टाका. मी धरीन.