फाटकावरचा पोलीस

माझ्या धाकट्या बहिणीचा, म्युरिएलचा नवरा पर्सी जन्मभर सिनेमात किरकोळ कामं करत राहिला. कधी मुडदा, कधी वेटर, एकदा तर नुसते पाय. लंडनच्या आमच्या टूटिंग भागात त्याला कुणी कधी ओळखलं नाही. छातीच्या दुखण्यानं तो गेला आणि म्युरिएलचं बोलणंच आटलं.

मग एका मंगळवारी ती थिएटरमधून धापा टाकत घरी आली. "ताई, पर्सी आहे गं! नव्या सिनेमात!"

प्रकार असा होता. मुख्य सिनेमाच्या जोडीला दाखवतात ते तासाभराचे खुनाचे सिनेमे काढणारी ती कंपनी महाचिकट. पोलिसांची गाडी ठाण्यातून सुसाट निघते, हे दृश्य त्यांनी एकदाच घेऊन ठेवलं होतं आणि तेच प्रत्येक सिनेमात चिकटवत होते. फाटक उघडणारा पोलीस म्हणजे आमचा पर्सी. गाडी जाते, चिखल उडतो, तो बाहीनं नाक पुसतो. पुन्हा घ्यायला फिल्म कुठली? नाक पुसणं तसंच राहिलं. लोक हमखास हसायचे.

त्या कंपनीचा नवा सिनेमा लागला की म्युरिएल निघालीच. मीही तिची कमी थट्टा केली नाही. "खुनी कोण निघाला, ते तरी बघितलंस का?"

"मला काय करायचंय त्या मेल्या खुन्याशी!" असं म्हणून ती आरशासमोर केस विंचरत बसायची. नवऱ्याला भेटायला जायचं तर नीटनेटकं नको? खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. माझा आल्फ्रेड युद्धात गेला. मी कुठल्या थिएटरात जाणार?

गेल्या नोव्हेंबरात मीही तिच्यासोबत गेले. आम्ही आत शिरलो तेव्हा खुनाचा सिनेमा अर्धा झाला होता. आमच्याकडे खेळ दिवसभर सलग चालू असतात, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नाही. मुख्य सिनेमा बघायचा, मग राहिलेली सुरुवात बघून उठायचं. शेवटाकडे पोलिसांची गाडी धावली, पण ती नवीकोरी होती.

"फाटक सुरुवातीला असेल," म्युरिएल म्हणाली.

"असेल की," मी म्हटलं.

मुख्य सिनेमात कोण कुणावर प्रेम करत होतं, देव जाणे. मी म्युरिएलकडेच बघत होते. बातम्या झाल्या, आइस्क्रीमवाली फिरून गेली, आणि आमचा सिनेमा पुन्हा सुरू झाला. खून पडला. फोन वाजला. फाटक उघडलं.

एक कोवळा पोरगा होता. देखणा. नवी गाडी कोरड्या रस्त्यावरून निघून गेली आणि त्यानं झोकात सलाम ठोकला. कुणीही हसलं नाही.

"ताई," म्युरिएल म्हणाली, "पर्सी गेला गं."

त्याला पुरून चार वर्षं झाली होती. मी तिला जवळ घेतलं. मागचा माणूस आम्हाला गप्प बसा म्हणत होता, पण ती मोठ्यानं रडत होती आणि मीही.