खिशात शिवलेला चिमटा

“खिशात काय दगड भरलेत का? कोट बघा कसा एका अंगाला लोंबतोय. धुवायचा कसा मी हा?”

इंदुताई पुटपुटत होत्या आणि त्यांच्या नवऱ्याने, रंगरावांनी, ऐकूच आले नाही असे दाखवले. मला मात्र सगळे ऐकू आले, कारण त्यांच्यात आणि माझ्यात फक्त एक अस्तर होते.

मित्रांनो, तो दगड म्हणजे मी. मी एक जुना चिमटा आहे, रेल्वेची तिकिटे कापायचा. आज मी, उशिरा का होईना जमा होऊन, एका मोठ्या स्टेशनाच्या कपाटात, फुटक्या दौती आणि बिनकाट्यांची घड्याळे यांच्या संगतीत गंजत पडलो आहे. इथे मला कोणी विचारत नाही. विचारले असते तर मी सांगितले असते की आयुष्यात मी एकदाच सूड घ्यायला निघालो होतो, आणि ज्याच्यावर घ्यायचा तो माझाच माणूस निघाला. सूड घ्यायला माणूस परका असला तर बरे असते.

माझा जन्म रेल्वेच्या कारखान्यात झाला. पोलाद तापवून, ठोकून मला दोन मुठी दिल्या आणि शेवटी तोंडात दात बसवला. तो दात चंद्रकोरीचा होता. आमच्यात प्रत्येक स्टेशनाचा दात वेगळा असतो. गाडीत चढायला निघालेल्या माणसाचे तिकीट दारावर कापले, की कुठल्या दारातून तो आत आला याची त्यावर कायमची खूण राहते. उतरताना टीसी तिकिटाकडे बघतो तेव्हा नाव वाचतो असे तुम्हाला वाटते. तो आधी भोक वाचतो.

मी स्वतः दोनच स्टेशने पाहिली. त्यांची नावे सांगणार नाही, एकाचे मायेने आणि दुसऱ्याचे रागाने. एक पुण्याकडचे, त्याला मोठे स्टेशन म्हणू. दुसरे चिंचवडच्या आसपासचे, ते धाकटे. बाकीची स्टेशने मी भोकांवरून ओळखतो. मोठ्या स्टेशनावर गोळा झालेली तिकिटे माझ्याच शेजारी टोपलीत पडत ना. दापोडीचे भोक मला कधी आवडले नाही. तिथला चिमटा आळशी, अर्धे कापायचा आणि अर्धे फाडायचा. देहूरोडची तिकिटे खाकी विजारीच्या खिशात चार घड्या खाऊन यायची. तळेगावची तिकिटे काचकारखान्यातले लोक आणत, त्यांच्या बोटांवर भाजल्याचे पांढरे डाग असत. लोणावळ्याचे तिकीट चिक्कीने माझ्या मुठीला चिकटायचे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

सगळ्यांत आवडते स्टेशन म्हणाल तर पिंपरी. तिथे फाळणीनंतर सिंधी लोकांची छावणी वसली होती. त्यातले एक म्हातारे गृहस्थ एकदा उतरले आणि तिकीट देईनात. दोन्ही हातांनी धरून म्हणाले, “बाबूजी, ये मैं रख लूँ? इसपर गाँव का नाम लिखा है.” घरादाराचे सगळे कागद तिकडे राहिलेल्या माणसाला नव्या गावाचे नाव असलेला पुठ्ठ्याचा तुकडा हवा होता. नियमाने तिकीट परत घ्यायचे असते. रंगरावांनी इकडेतिकडे पाहिले आणि ते त्यांच्या मुठीत परत सरकवले.

हे रंगराव माझे धनी. रोज सकाळी मला खोबरेल तेलाचे बोट लावणारे, गर्दी ओसरली की रुमालाने पुसणारे. आठ वर्षे मी त्यांच्या तळहातात होतो. म्हणून तर पुढचे जास्त लागले.

पंचावन्न सालची गोष्ट. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, गाड्यांना गर्दी वाढत होती. धाकट्या स्टेशनावर माणूस कमी पडला म्हणून रंगरावांची तिकडे बदली झाली. आठ वर्षे झाली तरी ते नोकरीत अजून कायम झाले नव्हते. कायम होण्याचा कागद यायचा होता आणि तो येईपर्यंत त्यांना शिंकायचीसुद्धा भीती वाटायची. निघायच्या गडबडीत मला जमा करायचे राहिले. मी त्यांच्या कोटाच्या खिशातच धाकट्या स्टेशनावर पोचलो.

पहिल्या दिवशी पहाटेच्या गाडीला दारावर सगळ्यांत पुढे होत्या कौशल्याबाई. पवना नदीपलीकडून, थेरगावातून पायी येणारी चाळिशीची बाई. मोठ्या स्टेशनाजवळ एका बाईंच्या बालवर्गात लहान मुले सांभाळायचे त्यांचे काम. तिकीट पुढे आले, आठ वर्षांच्या सवयीने रंगरावांचा हात खिशात गेला, आणि मी कचकन चंद्रकोर पाडली. धाकट्या स्टेशनाचा चौकोनी दाताचा चिमटा समोर खुंटीला लटकत होता.

दुसरे तिकीट येईपर्यंत त्यांना चूक कळली. त्यांनी मला खिशात टाकले, चौकोनी चिमटा घेतला. कौशल्याबाई अजून समोरच्या फलाटावर उभ्या होत्या. गाडी यायला चांगली पाच मिनिटे होती. रंगरावांनी त्यांच्याकडे पाहिले. मग दुसरे तिकीट कापले, मग तिसरे. एका तिकिटाकडे कोण बघतंय, असे त्यांना वाटले असणार. त्यांचे काळीज माझ्या अगदी जवळ होते, म्हणून मला माहीत आहे की ते तेव्हा किती जोरात धडधडत होते.

पुढचे मला दुसऱ्या दिवशी कौशल्याबाईंच्याच तोंडून कळले. त्या दारावर आल्या त्या तिकीट न काढता.

“टीशीसाहेब, काल माज्या तिकिटाला कसलं भोक पाडलंत?”

“चौकोनी. इथं चौकोनीच असतं.”

“तिथला टीशी म्हनला, ह्ये चांदाचं भोक आमच्या दारातलं हाय. म्हंजी तू तितं चढलीच न्हाईस. लांबनं कुठनं तरी फुकट आलीस आन ह्ये तिकीट कुनाकडनं तरी मिळिवलंस. दुपारपत्तूर दाराशी हुबं केलं मला. माज्या वर्गातली पोरं आयांची बोटं धरून समोरनं चालली हुती. एक पोरगं हाका मारत हुतं मला.”

“तिकडचं तिकडं विचारा बाई. मागं लोक थांबलेत.”

“बालवर्गाच्या बाई म्हनल्या, लोक इस्वासानं पोरं सोडत्यात आमच्याकडं. रेल्वेवाल्यांनी चूक कबूल केली तर ये, न्हाईतर येऊ नको.” कौशल्याबाईंनी पदर खोचला. “म्या चांद बघितलाय, साहेब. डोळं हायत मला.”

त्या गेल्या. रंगरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि रुमाल खिशात, माझ्यावर, कोंबला. मित्रांनो, मी पोलादाचा आहे, पण त्या बाईच्या कामावर माझ्या दाताची खूण होती. मी खोटे भोक पाडले नव्हते. भोक खरे, तिकीट खरे, बाई खरी. खोटे होते ते एकच, आणि ते कोटाच्या आत गप्प बसले होते. त्या क्षणी मी ठरवले, याला सोडायचे नाही.

मी माझ्या परीने सुरुवात केली. आधी रुमाल कातरला. मग अस्तर. एकदा ते चाचपडत असताना अंगठ्याचे कातडे असे पकडले की दारावरच ते ‘आई गं’ म्हणाले. मागची बाई म्हणाली, “चावलं वाटतं काईतरी.”

पण माझ्या सूडापेक्षा कौशल्याबाईंचा सूड भारी निघाला. त्यांनी ना आरडाओरड केली, ना अर्ज लिहिला. त्यांनी फक्त बायकांना सांगितले. तिसऱ्या दिवशी मुळ्यांची पाटी घेतलेल्या शालनबाई दारावर आल्या. तिकीट कापून झाले तरी हलेनात. उजेडासमोर तिकीट धरून म्हणाल्या, “चौकोनीच हाय न्हवं साहेब? न्हाईतर पुन्यात हुबं करत्याल मला, मुळं सुकायचं माजं.”

तिच्यामागची म्हणाली, “माजंबी बघा. ह्यो कोपरा जरा गोलच वाटतुया.”

तिच्यामागे कांबळे पांघरलेले चिमाजी म्हातारे होते. त्यांना दिसत नव्हते. त्यांनी भोकावरून बोट फिरवले, चार कोपरे मोजले आणि म्हणाले, “चार हायत. जाऊ का मी आता?”

आणि हे रोज. थेरगाव, चिंचवड, आसपासच्या वाड्यावस्त्यांतली माणसे दारावर थांबत, भोक तपासत, एकमेकांना दाखवत आणि मगच आत जात. चेहरे कसे अगदी साधे. गाडी शिट्टी मारायची, गार्ड हात हलवायचा, आणि रंगरावांच्या मानेवरून घाम उतरायचा. कौशल्याबाई कुंपणापाशी लिंबाखाली बसून हे सगळे बघत. त्यांना आता जायचे कुठे होते?

स्टेशनमास्तर बबनराव एकदा चष्मा पुसत आले. “रंगराव, हे चौकोनाचं काय प्रकरण आहे?”

“काही नाही साहेब. बायका आहेत.”

“मोठ्या स्टेशनाचं पत्र आलंय. त्यांचा एक चिमटा हरवलाय म्हणे, चंद्रकोरीचा.”

“मी जमा केला होता, साहेब.”

“मग तसं लिहितो.” बबनरावांची नजर लोंबणाऱ्या खिशावर आली, तिथे क्षणभर थांबली आणि सिग्नलकडे वळली. “तुमचा कायमचा कागद याच महिन्यात येईल, बरं का.”

पाहिलेत? त्यांनाही कळले होते. पोर्टरला कळले होते, पाणी भरणाऱ्याला कळले होते. सगळे जण गोष्टीच्या भोवती असे फिरत होते, जसे रस्त्यात पडलेल्या शेणाभोवती फिरतात.

एका संध्याकाळी रंगराव मला घेऊन पवनेच्या काठी गेले. मला हातात धरून खूप वेळ उभे राहिले. मला वाटले, टाकणार. पण त्यांनी मला उलटे करून पाहिले, दातात अडकलेला अस्तराचा धागा नखाने काढला आणि पुन्हा खिशात ठेवले. दुसऱ्या कुणाला त्यांची दया आली असती. मी मनात म्हणालो, पाण्यात टाकायचीही हिंमत नाही आणि वर काढायचीही नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी तो धुण्याचा वार आला, ज्याने मी गोष्ट सुरू केली. इंदुताईंनी खिशात हात घातला आणि मला बाहेर काढले. सहज एक जुने वर्तमानपत्र माझ्या तोंडात धरले आणि दाबले. त्यांच्या मांडीवर इवलीशी चंद्रकोर पडली. नळावरच्या बायकांकडून चांदाची गोष्ट त्यांनी ऐकलेली होती.

“त्या बाईच्या तिकिटाला कसलं भोक होतं म्हणतात?” त्यांनी विचारले.

“मला काय ठाऊक,” रंगराव ताटाकडे बघत म्हणाले.

इंदुताई उठल्या. कोट धुतला, वाळवला, फाटलेले अस्तर बारीक टाक्यांनी नीट केले. मग मला खिशात ठेवले आणि खिशाचे तोंडच शिवून टाकले. गोधडीच्या जाड दोऱ्याने, दुहेरी. सकाळी कोट घालताना रंगरावांचा हात खिशावर गेला आणि तिथेच थबकला. इंदुताई चहा गाळत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. मित्रांनो, मी अस्तर कुरतडून जे महिनाभरात केले नसते, ते या बाईने वीस टाक्यांत केले. आता मला काढताही येईना आणि विसरताही येईना.

तुमच्या शाळेतल्या बाई सांगतात ना, जिथली वस्तू तिथे ठेवा, हरवली तर लगेच सांगा? कंटाळू नका त्यांना. वस्तूची जागा चुकली तर ती पाच मिनिटांत दुरुस्त होते. त्या पाच मिनिटांत तुम्ही गप्प राहिलात, की मग दुसऱ्याच कुणाचे तरी काम जाते, आणि तुम्हाला शिवलेल्या खिशाचा कोट घालून हिंडावे लागते.

कायमचा कागद आला तो एका सोमवारी. बबनरावांनी पेढा दिला. रंगरावांनी तो खाल्ला नाही, हातातच धरून ठेवला. मला वाटले, झाले. आता हा माणूस सुटला, आता कधीच बोलणार नाही. माझ्या दातातून इतका राग सरकला की मी असतो बाहेर, तर त्या कागदाच्या चंद्रकोरी केल्या असत्या.

मंगळवारी पहाटे कौशल्याबाई लिंबाखालून उठून रांगेत आल्या. तिकीट काढलेले होते. त्यांच्यामागे शालनबाई, आणि शालनबाईंच्या मागे, डोक्यावरून पदर घेऊन, इंदुताई. त्यांच्याही हातात तिकीट होते.

“तू कुठं?” रंगरावांनी विचारले.

“मोठ्या स्टेशनाला. त्या बालवर्गाच्या बाईंना भेटायला.” इंदुताई शांतपणे म्हणाल्या. “कुणीतरी जायलाच हवं ना. तुम्ही जाणार नसाल तर मी जाऊन येते.”

चौकोनी चिमटा रंगरावांच्या हातात तसाच उघडा राहिला. त्यांचा दुसरा हात खिशावर आला आणि टाक्यांच्या फटीतून मला जेवढे दिसायचे तेवढेही दिसेना. दुहेरी दोऱ्याच्या आड अंधारात मी नुसता ऐकत होतो. इतके दिवस मी वाट पाहिली होती की मला बाहेर काढतील, सगळ्यांसमोर धरतील, माझा दात दाखवतील. तसे काही झाले नाही. माझी गरजच पडली नाही.

“तिकीट खरं होतं,” रंगराव म्हणाले.

“कुनाचं?” कौशल्याबाईंनी विचारले.

“तुमचं.”

“मागल्यास्नी ऐकू गेलं न्हाई, साहेब.”

चिमटा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. रंगरावांनी श्वास घेतला, तेव्हा शिवलेला खिसा माझ्यासकट वर उचलला गेला.

“कौशल्याबाईंचं तिकीट खरं होतं,” ते म्हणाले. हा आवाज मी आठ वर्षांत ऐकला नव्हता, फलाटाच्या टोकापर्यंत जाणारा. “भोक मी चुकीच्या चिमट्यानं पाडलं. आणि गाडी यायच्या आधीच मला ते कळलं होतं. बाई समोर उभी होती. मी बोललो नाही.”