लोखंडाला तेल

माझ्या भावाला, सुजितला, चांगली गाडी घेऊन ती उसवायची हौस. बुटकी हॅचबॅक होती, पुढच्या चाकांवर चालणारी, अंगापेक्षा इंजिन मोठं. घेतल्या घेतल्या त्याने मागचं सीट काढलं, एसी काढला, आतलं सगळं भंगारात दिलं. वळणावर असल्या गाडीचं नाक बाहेर पळतं म्हणून मागचं सस्पेन्शन कडक करून ठेवलं. मी एकदाच बसले आणि कंबर धरून उतरले. "गाडी आहे की उखळ?" म्हटलं, तर बेटा खूश!

आबांना हे सगळं बघवत नव्हतं. साताऱ्याकडून येऊन चिंचवडच्या एका कंपनीत, पत्रे दाबून घडवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये त्यांनी हयात घातली होती. मुलगा चाकणला कंपनीत राबतो आणि पगार या खेळण्यात घालतो, हे त्यांच्या गळी उतरेना. कुरुळीच्या ज्या शेडमध्ये गाडी उभी असायची, तिथे त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. बापलेक शेजारी बसून जेवायचे, पण बोलणं माझ्यामार्फत. मला वीट आला होता या वकिलीचा.

मग निघोज्याच्या पुढे, एका छोट्या ट्रॅकवर, सुजितला बोलावणं आलं. अर्जुनराव म्हणून एकांची रेसिंग टीम होती. दसऱ्यानंतरच्या रविवारी ते त्याला चालवताना बघणार आणि पसंत पडला तर टीममध्ये घेणार. सुजितला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

खंडेनवमीला तो शिफ्टला गेल्यावर आबांनी माझ्याकडे शेडची चावी मागितली. "पोरगं शर्यतीला निघालंय. गाडीला कोण पुजणार?"

संध्याकाळी सुजितने मला फोन केला. बॉनेटवर हळद-कुंकू, आरशाला झेंडू. "ताई, आबा आले होते?" असं त्याने तीनदा विचारलं. मला इतका आनंद झाला की मी शिरा केला.

रविवारी आबा इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याबरोबर आले. सुजितने ट्रॅकसाठी शेडमध्ये राखलेले ब्रेकचे नवे पॅड खोक्यातून काढून तिथेच बसवले. पहिल्या फेरीनंतर म्हणाला, "ब्रेक कमी धरतायत, पण नवे पॅड असेच असतात. तापले की धरतील."

तापले, आणि पुढच्या चाकांतून धूर निघाला. सरळ पट्ट्याच्या शेवटी गाडी वळलीच नाही. टायरच्या रांगा तोडून भिंतीवर गेली. नाक पार आत गेलं. सुजित स्वतःच्या पायांनी बाहेर आला तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"ब्रेकचा अंदाज नाही," अर्जुनराव म्हणाले.

"पेडल पूर्ण दाबलं होतं, सर. पकडच नव्हती."

"सगळे हेच सांगतात."

आबा चाकाजवळ वाकले होते. वास घेऊन ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना.

"सायेब, त्याची चूक न्हाई. त्या खोक्यातल्या लोखंडी पाट्यांना मी तेल लावलं हुतं. खंडेनवमीला. कंपनीत आमी लोखंडाला तेल लावल्याबिगर पुजत न्हाई. वरनं फडक्यानं पुसलंबी हुतं."

अर्जुनराव चक्क हसले. "काका, मुलासाठी किती खोटं बोलाल? ब्रेकला कोणी तेल लावतं का?"

"आईशपथ, सायेब."

"घरी जा, काका." आणि ते पुढच्या गाडीकडे वळले.

मी ओरडले, भांडले, चाकाचा वास घ्या म्हटलं. कोणी थांबलं नाही. आबांवर विश्वास ठेवला तो एकट्या सुजितने. तो त्यांच्या हातांकडे बघत राहिला.

"माझं चुकलं, बाळा," आबा म्हणाले. कित्येक वर्षांनी ते माझ्यामार्फत नाही, थेट त्याच्याशी बोलत होते.

"इतकी वर्षं तुम्ही गाडीला हात लावला नव्हता," सुजित म्हणाला. "तेच बरं होतं."